दोन कड्यांमधलं अंतर

द्राक्षं मी खात नाही. लातूरला आमच्या शेजारी एक बागवाले राहायचे, हंगामात पेटी भरून पाठवायचे, आणि मी ती तशीच पुढच्या घरी द्यायचे. लोकांना वाटायचं, काय नखरे आहेत बाईचे. नखरे कसले डोंबलाचे! हाडात एका जातीचा पू होतो, निळसर हिरवा, आणि त्याला पिकून फुटलेल्या द्राक्षांचा वास येतो. गोडसर. शी! तो वास एकदा नाकात बसला की द्राक्षाचा घड समोर नको वाटतो.

नर्सला किळस येत नाही असं लोक धरूनच चालतात. माझ्या निवृत्तीच्या दिवशी एकानं भाषणात तसं म्हटलंसुद्धा, सिस्टरांच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही म्हणून. टाळ्या पडल्या. मला उठून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, मला रोज किळस आली. उलटी दाबत दाबत नोकरी केली. फक्त ती दाखवायची नाही, एवढंच शिकले. एका बाईला मात्र मी ती दाखवली, आणि तिचा पाय जाता जाता राहिला.

मी मूळची हदगावची. नर्सिंग नांदेडला केलं, चार वर्षं नोकरीही तिथंच केली. मग लातूर नवा जिल्हा झाला. नवी कचेरी, नव्या पाट्या, रस्ते खोदून ठेवलेले, आणि जो तो ‘आता आमचा जिल्हा’ म्हणून छाती काढून चाललेला. दवाखानेही नवे निघाले. त्यातल्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात मला जागा मिळाली. चाळीस खाटा होत्या. आज तिथं मंगल कार्यालय आहे, लोक पंगती झोडतात. आमचा हाडांचा वॉर्ड जिथं होता तिथं आता बुंदीची ताटं मांडतात. मी एकदा लग्नाला गेले होते, पाणीसुद्धा न पिता परत आले.

जिल्हा नवा होता, पण नळ कोरडा. त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ. टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा, तोही ड्रायव्हरची मर्जी असेल तर. वॉर्डाला दिवसाला दोन बादल्या मिळायच्या. त्यातच फरशी, त्यातच भांडी, त्यातच माणसं. वापरलेलं गॉज धुऊन, उकळून पुन्हा वापरायचो आम्ही, आणि तिसऱ्यांदा उकळलेल्या गॉजचा रंग कसा होतो ते सांगत नाही, तुम्ही जेवलेले असाल. माश्या तर विचारूच नका. खाटेखालच्या बादलीवर नुसता काळा थर असायचा.

अशा दिवसांत ती आली. देवणीकडच्या एका खेड्यातली, वीस-बावीस वर्षांची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली. गावची विहीर आटलेली. बाया आळीपाळीनं तळाला उतरायच्या, कपारीतून झिरपणारं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या आणि घागर दोरानं वर चढवायच्या. तिची पाळी असताना काठाचा दगड निसटला आणि थेट मांडीवर आला. हाडाचा चुरा झाला. आधी दुसरीकडे कुठं तरी प्लेट आणि स्क्रू घालून हाड जोडलं होतं. पण जखमेत विहिरीचा गाळ गेलेला, आत पू धरला. चार महिन्यांनी आमच्याकडे आली तेव्हा वास आधी दारातून आत आला, मग स्ट्रेचर.

आमचे हाडाचे डॉक्टर तरुण होते, हट्टी होते, पण हात चांगला. त्यांनी प्लेट काढली, आणि तिच्याखालचं मेलेलं हाडही काढलं. ट्रे मी धरला होता. पिवळट, कोरडं, किडक्या लाकडासारखं भोकं पडलेलं ते हाड ट्रेमध्ये टण्णकन पडलं. मांडीत वरचं हाड वर, खालचं खाली, आणि मधे चार बोटं काहीच नाही. मांस तेवढं लोंबतंय. बाहेर आल्यावर मी संडासात जाऊन ओकले. हे कुणाला ठाऊक नाही, आज सांगते.

दोनच रस्ते होते. एक तर मांडीतून पाय कापायचा. नाही तर डॉक्टर जी नवी पद्धत पुण्याला शिकून आले होते, ती करून बघायची. रशियात निघालेली म्हणे. मांडीभोवती स्टीलची कडी बसवायची, कड्यांतून बारीक सुया आरपार हाडात घालायच्या, आणि कडी एकमेकांना आट्यांच्या सळ्यांनी जोडायची. मग वरचं जे चांगलं हाड आहे ते एका जागी कापायचं. त्या कापलेल्या तुकड्याला धरून असलेलं कडं सळ्यांवरचे नट फिरवून रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचं. तुकडा खाली खाली जातो, आणि त्याच्या मागं जी फट पडते तिच्यात नवं हाड भरत येतं. असं करत करत चार बोटांची पोकळी भरायची.

डॉक्टरांनी हे सगळं तिच्या सासूला समजावून सांगितलं. नवरा बैलं घेऊन चाऱ्यासाठी कर्नाटकात गेलेला, त्यामुळं सोबत सासूच होती. देवणीची बैलजोडी होती त्यांची. ती जोडी मेली असती तर घरच बसलं असतं, म्हणून माणसांची अशी वाटणी केलेली. म्हातारी काटक, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, हाताला घट्टे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘दिवसातनं किती येळा फिरवायचं?’’

‘‘चारदा. दरवेळी पाव वेढा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘चुकून चालणार नाही. जास्त फिरवलं तर हाड भरायचं नाही. कमी फिरवलं तर भलत्या जागी धरून बसेल, मग पुढं सरकणारच नाही.’’

‘‘मी फिरविते की. आमच्या गाडीचा कणा मीच वंगणते, चाक मीच काढते. ह्ये काय लई अवघड हाय?’’

सून खाटेवरून माझ्याकडं बघत होती. ती मला एवढंच म्हणाली, ‘‘बाई, पाय ऱ्हाईल ना माझा?’’ मी म्हटलं राहील. नर्स दुसरं काय म्हणणार!

कडी आली ती लातूरच्याच एका लेथवाल्याकडून. बाहेरून मागवायची तर महिने गेले असते. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा तो माणूस, दुष्काळात त्याच्याकडं रांग लागलेली. डॉक्टरांनी चित्र काढून दिलं, आणि त्यानं मोटारींच्या कामातून वेळ काढून कडी, सळ्या, नट करून दिले. जाड होते, ओबडधोबड होते, पण बसले. ऑपरेशननंतर मी ती मांडी पाहिली आणि मान फिरवली. पिंजऱ्यात घातलेलं मांस. सोळा ठिकाणी कातडी टोचलेली, आणि सोळाही भोकांतून पाझर.

आता सासूचं आणि माझं काय बिनसलं ते सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी म्हातारीनं मला विचारलं होतं, ‘‘बाई, तुमी कुठल्या? आडनाव काय?’’ मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. ती ‘‘बरं बरं’’ म्हणाली, आणि खाटेच्या उजव्या अंगाला, मी उभी होते त्या बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून डाव्या अंगाला सरकवला. बस, एवढंच. पण मला दिसायचं ते दिसलं. आमच्या घरात माझ्या जन्माआधीच बुद्धाची तसबीर लागली होती, वडिलांनी जुनं सगळं टाकून दिलं होतं. पण हदगावच्या शाळेत मला पाणी वरूनच ओतायचे, ओंजळीत, हात भांड्याला लागू नये म्हणून. लोक माणसाची किळस कशी करतात हे मला कुणी शिकवायला नको. अंगावरचा पांढरा गणवेश बघूनही तांब्या सरकतो, म्हणजे काय! तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. त्या दिवशी मी ठरवलं, म्हातारे, तुला बघते.

काम असं वाटून दिलेलं. नट सासूनं फिरवायचे. मी रोज सकाळी फूटपट्टी घेऊन दोन कड्यांमधलं अंतर मोजायचं आणि खाटेला अडकवलेल्या कार्डावर लिहायचं. अंतर रोज एक मिलिमीटरनं बदललं पाहिजे. मी मोजायचे, आणि अगदी डोळ्यांत तेल घालून मोजायचे. रोगी बाईच्या काळजीनं नाही हो! म्हातारीची चूक सापडावी म्हणून. सोळा भोकं साफ करताना नाकाला निलगिरी लावलेला रुमाल, आणि हातात फूटपट्टी. रोज वाटायचं, आज सापडते. सापडली नाही. वीस दिवसांत वीस मिलिमीटर, एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही.

तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ज्वारीचे चार दाणे ठेवलेले होते. नट फिरवले की एक दाणा डावीकडून उजवीकडं. चार उजवीकडं गेले की दिवस संपला. घड्याळ कळत नव्हतं तिला, पण वॉचमनच्या तासाचे ठोके मोजायची. आणि त्या घाणीत हात घालताना तिच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. पू बोटाला लागला की चिंधीला पुसायची आणि पुढचा नट. सून तोंड फिरवून म्हणायची, ‘‘आत्ती, नगं, हात खराब व्हायलेत तुमचे.’’ सासू म्हणायची, ‘‘गप. शेणात घालते की रोज.’’ मला त्या म्हातारीचा राग यायचा, आणि तिच्यासारखं आपल्याला जमत नाही याचा जास्त राग यायचा.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी गॉज उचललं आणि काळा डाग दिसला. सळ्यांवर काळं काही तरी चोपडलेलं, चिकट, धूळ बसलेलं. एका ठिकाणी ओघळून गॉजला लागलेलं. मी बोटानं चोळून वास घेतला. वंगण! गाडीच्या कण्याला लावतात ते, वर्षानुवर्षं नळकांड्यात साठवलेलं काळं वंगण. म्हातारीनं गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मागवून घेतलं होतं.

‘‘हे काय केलंत?’’ मी ओरडले.

‘‘लोखंड कुरकुर करायलंय बाई,’’ ती म्हणाली. ‘‘आटे खरबरीत हायेत, नट कडक फिरतोय. हिला हिसका बसतोय. मनून जरासाक लावलं. सुयांना न्हाई लावलं, निस्तं सळ्यांना.’’

मला बोलायला निमित्तच हवं होतं. काय काय बोलले मी! घाणेरड्या आहात, अडाणी आहात, सुनेला मारायला बसलात, बैलाचा दवाखाना वाटला का हा! सगळा वॉर्ड ऐकत होता. मी तिचं ते नळकांडं चिमटीत धरलं, उकिरड्यावर फेकलं, आणि हात साबणानं धुतला. तिच्यासमोर धुतला. दुष्काळात, जिथं तोंड धुवायला पाणी नव्हतं तिथं मी मगभर पाणी सांडलं, तिला दिसावं म्हणून. डॉक्टर परगावी गेलेले, ते आल्यावर मी सांगितलं, सर, ही बाई जखमेत वंगण घालते, हिला वॉर्डात ठेवू नका. जखमेत म्हटलं मी. सळ्यांना नाही म्हटलं. डॉक्टर चार वॉर्ड एकटे सांभाळत होते, त्यांनी मान हलवली. म्हातारी गेली. जाताना तांब्या सुनेच्या उशाशी ठेवून गेली.

तिच्या जागी नवरा आला आणि म्हातारी बैलांकडं गेली. नवरा गरीब स्वभावाचा, पण त्याला ते बघवेना. पहिल्या दिवशी गॉज काढलं तसा तो भिंतीला टेकला, घाम फुटला. मी त्याला पाना कसा धरायचा, पाव वेढा कसा द्यायचा ते दाखवलं आणि सळ्या स्पिरिटनं पुसून लख्ख केल्या. स्वच्छ, कोरड्या. मला फार समाधान वाटलं.

आणि त्याच आठवड्यात तो हिरवा पू सुरू झाला. द्राक्षांचा वास. आत आलं की नाकात, जेवताना घासात, घरी गेल्यावर केसांत. डोकं धुवावं तर पाणी नाही. मी त्या खाटेशी जायची टाळाटाळ करू लागले. भोकं साफ करायची तेवढी करायचे, श्वास रोखून, कशीबशी. फूटपट्टी लावायची तर मांडीवर वाकावं लागतं, तोंड अगदी जवळ न्यावं लागतं, आकडे बारीक असतात. एके सकाळी मी नवऱ्याला लांबूनच विचारलं, ‘‘फिरवलं का चारदा?’’ तो म्हणाला, ‘‘हाव.’’ मी कार्डावर कालच्या आकड्यात एक मिळवला आणि लिहून टाकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग तीच रीत पडली. म्हातारी असताना तिची चूक शोधायला मी वाकत होते. आता शोधायचं काय होतं? तीन आठवडे मी त्या कड्यांना फूटपट्टी लावली नाही. खिडकीत ते चार दाणे डावीकडंच पडून होते, त्यांच्यावर धूळ बसली होती. मला दिसत होते ते. रोज दिसत होते.

एक्स-रेची फिल्म जपून वापरायचो आम्ही, महिन्या-दीड महिन्यानं एक. ती निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडात धरून बघितली. मग वॉर्डात आले, कार्ड बघितलं, माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली आणि स्वतः वाकून मोजलं.

‘‘कार्डावर एकेचाळीस आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘इथं वीस आहेत.’’

मी फूटपट्टी परत घ्यायला हात पुढं केला.

वरच्या फटीत नवं हाड भरून घट्ट झालं होतं. तुकडा वाटेतच अडकून बसला. खालची पोकळी अजून जवळजवळ तीन बोटं, आणि तो भाग पुवानं भरलेला. डॉक्टरांनी पाना घेतला आणि नट फिरवून बघितला. नट हलेना. पाझर वाळून आट्यांत दगडासारखा बसला होता.

‘‘तू फिरवत नव्हतास?’’ त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा खाली बघत म्हणाला, ‘‘सायेब, तीन-चार दिस फिरवायला बगितलं. फिरंना. लई जोर लावला की ती वरडायची. मग मला... मला बगवंना झालं. बाईस्नी सांगायची लाज वाटली.’’

‘‘सिस्टर, तुम्ही मोजत होतात ना?’’

आता काय सांगू तुम्हाला! त्या एका क्षणात मी खरं बोलू शकले असते. नोकरी गेली असती, फार तर. मी म्हणाले, ‘‘हो सर. रोज मोजलंय. हेच मागं फिरवत असतील, बायको ओरडते म्हणून.’’

नवरा माझ्याकडं बघतच राहिला. हा माणूस चार दिवस नट फिरवायला धडपडला होता आणि मी त्याच्यावर काय ढकललं! डॉक्टर कार्डाकडं बघत होते. त्यांना पटलं की नाही, मला आजवर कळलं नाही. खाटेवरची मात्र डोळे मिटून पडली होती. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं चाललेलं. ‘‘पाय कापनार का आता?’’ एवढं तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, ‘‘पुन्हा एकदा हाड कापू. या वेळी चुकलं तर मात्र मांडीतून काढावा लागेल. फिरवायला माणूस नीट हवा. ती म्हातारी कुठं आहे?’’

निरोप्याकडून सगळं ऐकून म्हातारी तिसऱ्या दिवशी आली. वॉर्डात पाऊल टाकलं आणि सगळ्यांसमोर मुलाच्या थोबाडीत मारली. ‘‘मागं फिरविलास? बायकूचा पाय मागं फिरविलास?’’ तो ‘‘अव्वा, मी न्हाई, अव्वा’’ म्हणत राहिला. दुसरी बसली. मी दोन हातांवर होते, हातात स्वच्छ ड्रेसिंगचा ट्रे होता. एक शब्द बोलले नाही. स्वतःची किळस म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ती पुवाची किळस काहीच नाही तिच्यापुढं. पू धुता येतो.

हाड पुन्हा कापलं. जुन्या सळ्या काढून नव्या घातल्या. डॉक्टर पॅराफिनची बाटली म्हाताऱ्या बाईच्या हातात देऊन म्हणाले, ‘‘हे सळ्यांना रोज लावायचं. लेथचे आटे आहेत, कोरडे ठेवले की अडकतात. फक्त सुयांना लागू द्यायचं नाही.’’

म्हातारी बाटलीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. ‘‘मंजी वंगणच की ह्ये,’’ ती म्हणाली. ‘‘मग मला कामून हाकललं?’’

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रेमधल्या कात्र्या सारख्या करत बसले.

त्यानंतर नऊ महिने. खिडकीतले दाणे पुन्हा इकडून तिकडं जाऊ लागले. मी रोज फूटपट्टी लावली. रुमाल काढून, नाक उघडं ठेवून, अगदी मांडीजवळ वाकून. वास येतच होता, काही चमत्कार झाला नाही. पाऊसही पडला मधे, नळाला थोडं पाणी आलं, पू हळूहळू आटला. एक्स-रेत फटीमध्ये आधी धुकट ढग दिसला, मग रेघा, मग हाड. डॉक्टर फिल्म घेऊन दवाखानाभर नाचत होते. म्हातारीला त्यांनी ती उजेडात धरून दाखवली. तिनं बोट लावून विचारलं, ‘‘ह्ये नवं हाय? ह्ये आपन केलं?’’ तिचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं होतं, पण मी बघितलं नाही. मला बघवलं नाही.

म्हातारीचं आणि माझं काही जुळलं वगैरे नाही. तांब्या शेवटपर्यंत डावीकडंच होता. एकदा तिला ताप होता, मी ग्लासात पाणी आणून दिलं, तर म्हणाली, ‘‘ठिवा बाई,’’ आणि तो ग्लास संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला होता. मला राग आला. पण तो राग आता पूर्वीसारखा ताठ उभा राहीना. माझ्या मनात यायचं, हिनं माझं पाणी टाकलं, मी हिच्या मुलावर खोटं टाकलं. कुणी कुणाला बोलायचं?

कडी काढली तेव्हा मांडी बारीक, सोळा ठिकाणी डागलेली, आणि पाय बोटभर आखूड. पण पाय होता. चांभाराकडून एका चपलेला जाड तळ लावून आणला. महिनाभर कुबड्या, मग काठी. घरी जायच्या दिवशी नवरा गाडी घेऊन आला होता, बैलगाडी नाही, टेम्पो. तो माझ्याशी बोलला नाही. म्हातारी सामान बांधत होती. मी कार्ड काढून घ्यायला खाटेशी गेले, तेव्हा सून काठी टेकून उठली आणि माझ्या अगदी जवळ आली.

‘‘बाई,’’ ती हळू म्हणाली, सासूला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू, ‘‘त्या तीन हप्त्यांत तुमी फूटपट्टी लावत न्हवता. मी बगत हुते.’’

मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. सगळ्यांना सांगणार. सांगावं, असंही वाटलं.

‘‘मग बोलली का नाहीस गं?’’ मी म्हटलं. ‘‘तुझा पाय जात होता. नवऱ्यानं मार खाल्ला. का नाही बोललीस?’’

तिनं लुगडं सावरलं. मान खाली घातली. आणि जणू तिचाच गुन्हा असावा तसं ती म्हणाली, ‘‘तुमी नाकाला रुमाल धरायच्या. मलाच लाज वाटायची माज्या वासाची. म्हनलं, नगंच येऊ द्या जवळ.’’